रूळ उचलल्यानंतर : नेब्रास्काची काउबॉय ट्रेल

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेच्या मध्यभागी नेब्रास्का राज्य आहे. सपाट, वाऱ्याचं, नजर पोचेल तिथवर गवत आणि मका. तिथल्या नॉरफोक गावापासून पश्चिमेला व्हॅलेंटाइनपर्यंत 195 मैलांची, म्हणजे सुमारे 314 किलोमीटरची एक वाट जाते. ती काउबॉय ट्रेल. तिच्यावर सायकलवाले असतात, पायी चालणारे असतात आणि घोडेस्वारही. पूर्वी हा शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न कंपनीचा लोहमार्ग होता. 1992 मध्ये तो बंद झाला आणि 1994 मध्ये रेल्स-टू-ट्रेल्स कन्झर्व्हन्सी या संस्थेने ती पट्टी घेऊन राज्याच्या हवाली केली.

सोडून दिलेल्या लोहमार्गाची वाट करताना मुळातलं मोठं काम आधीच झालेलं असतं. आगगाडीला चढ सोसत नाही. म्हणून गवताळ प्रदेशात शंभर मीटरला मीटर-दीड मीटरपेक्षा जास्त चढ सहसा आढळत नाही. भराव घातलेला असतो, मोऱ्या बांधलेल्या असतात, नद्यांवर पूल असतात. ही सलग पट्टी तुटू द्यायची नाही, हेच खरं काम. आणि ती सगळ्यात आधी कागदावर तुटते.

कारण बऱ्याच ठिकाणी रेल्वेकडे जमिनीची मालकी नसते, फक्त वापराचा हक्क असतो. मार्ग रीतसर सोडून दिला की तो हक्क संपतो आणि जमीन शेजारच्या मालकांकडे जाते. मधलं एक शेत गेलं तरी तीनशे किलोमीटरचे दोन तुकडे पडतात. यावर 1983 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वाटांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. पुढे कधी गाडी सुरू करायची झाली तर पट्टी उपलब्ध राहावी म्हणून ती राखून ठेवायची आणि तोवर वाट म्हणून वापरायची, अशी ती तरतूद. वाट चालवणाऱ्याने देखभाल, कर आणि अपघाताची कायदेशीर जबाबदारी लेखी पत्करावी लागते. 1990 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली. ज्यांचा जमिनीवरचा हक्क यात बुडतो, त्यांना केंद्र सरकारकडे भरपाई मागता येते. शेजारच्या शेतकऱ्यांची नाराजी खोटी नसते. त्यांच्याकडे कुंपण, फाटक आणि यंत्रं ओलांडायची जागा यांबद्दल आधी बोलायला जावं, नकाशे नंतर काढावेत.

आता प्रत्यक्ष जमिनीवर येऊ. रूळ रेल्वे कंपनी उचलून नेते, त्यांना भंगाराची किंमत असते. करारात एक ओळ मात्र हवीच : पूल आणि मोऱ्या जागेवर राहतील. ही ओळ लिहायची राहून गेली तर पोलादी तुळ्याही भंगारात जातात आणि मग प्रत्येक ओढ्यापाशी वाट थांबते. लाकडी स्लीपर, म्हणजे रुळांखालचे आडवे ओंडके, एका किलोमीटरला दोन हजारांच्या आसपास निघतात, एकेक ऐंशी-नव्वद किलोचा. त्यांत क्रिओसोट हे डांबरी तेल मुरवलेलं असतं, म्हणून ते शेकोटीत जाळायचे नाहीत, पुरायचेही नाहीत. जुन्या मार्गावर कोळशाची राख आणि तणनाशकांतला आर्सेनिक साठलेला असू शकतो. मातीची तपासणी काम सुरू होण्यापूर्वी व्हावी.

स्लीपर निघाले की त्यांच्या जागी आडव्या खाचांची रांग उरते. ती तशीच राहिली तर प्रत्येक खाचेत पाणी साचतं आणि भराव आतून मऊ पडतो. म्हणून ग्रेडर, म्हणजे जमीन सपाट करणारं यंत्र, लगेच फिरवायचा. शक्यतो त्याच हंगामात.

श्रोतेहो, पाण्याबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण अशा वाटा खचतात त्या बहुतेक पाण्यानेच. गाड्या चालू होत्या तेव्हा रेल्वेची माणसं गटारं साफ करत होती. गाड्या थांबल्यावर ते काम थांबतं. मोरीच्या तोंडाशी गवत, फांद्या, माती अडकते. ओढ्यावर बीव्हर नावाचे प्राणी बांध घालतात. पाणी भरावाच्या एका बाजूला तुंबतं आणि लहानशी वाट काढून आरपार जातं. वरून सगळं धड दिसतं आणि आत पोकळी झालेली असते. म्हणून पृष्ठभागावर एक पैसा खर्च होण्याआधी प्रत्येक मोरी दोन्ही तोंडांनी पाहायची, टॉर्च घेऊन. पत्र्याची मोरी तळाला गंजते, दगडी मोरीचे सांधे सुटतात. बाजूची गटारं पुन्हा खोदायची आणि त्यांतली माती वाटेच्या कडेला रचायची नाही. तसा बांध झाला तर पाणी वाटेवरच अडतं. मार्च 2019 मध्ये गोठलेल्या जमिनीवर पाऊस पडला, बर्फ वितळला आणि नेब्रास्कातल्या नद्या बर्फाचे तुकडे घेऊन उसळल्या. काउबॉय ट्रेलचे भराव आणि पूल त्यात ठिकठिकाणी गेले.

वरचा थर चुनखडीच्या बारीक खडीचा. दहा मिलिमीटरपर्यंतचे तुकडे आणि त्यांत कच मिसळलेली. ही कच धुतलेली नसावी, कारण तीच खडीला बांधते. धुतलेली स्वच्छ खडी आणली तर ती कधीच बसत नाही, चाक रुतत राहतं. कच फार झाली तर पावसात चिखल होतो. रुळाखालची जुनी खडी मोठी असते. तिच्यावर सरळ बारीक माल ओतला तर तो फटींतून खाली गायब होतो, म्हणून मधल्या आकाराच्या खडीचा एक थर आधी द्यावा. तीन मीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर जाड थराला एका किलोमीटरला 300 घनमीटर दबलेला माल लागतो, म्हणजे सव्वासहाशे टनांच्या आसपास. तो पाच-पाच सेंटिमीटरच्या दोन थरांत पसरून, पाणी मारून, कंपन करणाऱ्या रोलरने दाबायचा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि हात ओला होऊ नये, एवढीच ओल हवी. मधोमध उंची कडेपेक्षा तीन सेंटिमीटर जास्त ठेवली की पाणी दोन्हीकडे उतरतं.

पुलांवर भाराची काळजी नसते. ज्याने इंजिनं पेलली त्याला सायकली काय? भीती असते ती पाया उघडा पडण्याची आणि लाकडी खांब पाण्याच्या पातळीपाशी कुजण्याची. खांब हातोडीने ठोकून पाहतात, बद्द आवाज आला तर भोक पाडून आतलं लाकूड तपासतात. जुन्या पुलावर स्लीपरांमधून खाली पाणी दिसतं, तिथे फळ्या आडव्या किंवा तिरप्या ठोकाव्या लागतात. लांबीत ठोकल्या तर चाक फटीत अडकतं. कठडा निदान 107 सेंटिमीटर हवा. व्हॅलेंटाइनजवळ नायोब्रारा नदीवरचा पूल 148 फूट उंच आहे आणि पाव मैल लांब. तिथे वाऱ्यात सायकलवरून उतरून हातात धरून चालणंच बरं.

आणि गवत. रेल्वेच्या कुंपणात नांगर शिरला नाही, इंजिनाच्या ठिणग्यांनी गवत अधूनमधून जळत राहिलं, म्हणून मूळ प्रेअरीचे, म्हणजे तिथल्या नैसर्गिक गवताळ माळाचे, तुकडे कैक ठिकाणी फक्त रुळांच्या कडेलाच उरले आहेत. बिग ब्लूस्टेमसारख्या गवताची मुळं दोन मीटरपेक्षा खोल जातात. अशी जागा नांगरली की परत येत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात गवताला तुरे आल्यावर जाणकाराकडून पट्टी तपासून घ्यावी, खुणा ठोकाव्यात, आणि तिथे यंत्रं उभी करायची नाहीत की सरसकट तणनाशक मारायचं नाही. माझ्या मते या वाटांची सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे, आणि पहिल्या आठवड्यात बुलडोझर तीच पुसून टाकतो.

उघड्या, दाबलेल्या कडेवर मात्र एक जुनी ओळखीची वनस्पती हमखास येते : सराटा, म्हणजेच गोखरू. आपल्या माळावर अनवाणी पायात रुततो तोच. तिथे त्याने सायकलींच्या ट्यूबा फुटतात. पिवळी फुलं दिसताच, काटे धरण्याआधी, तो मुळासकट उपटून पिशवीत भरून न्यावा लागतो; बी जमिनीत काही वर्षं जिवंत राहतं, त्यामुळे एका हंगामात काम संपत नाही. कडेला दाट गवत लावलं तर त्याला जागा मिळत नाही. आणि या वाटेवर सायकल नेणाऱ्याने टायरमध्ये भोक बुजवणारं द्रावण भरून, शिवाय दोन जादा ट्यूबा घेऊनच निघावं, कारण दोन गावांमध्ये दुकान लागत नाही.