पाबळची पोरं आणि त्यांचे प्रश्न

पाबळ म्हटलं की लोकांना मस्तानीची समाधी आठवते. पुण्यापासून साठ-पासष्ट किलोमीटर, शिरूर तालुका, शिक्रापूरहून राजगुरुनगरकडे जाताना हे गाव लागतं. आपण मात्र या माहितीपटात समाधीकडे न वळता पुढे चाललोय, माळावर उलट्या वाट्या ठेवल्यासारखे हे जे घुमट वरून दिसतायत ना, तिथे. विज्ञान आश्रम, पोरांना हाताने काम करत शिकवणारी संस्था. नावात आश्रम असला तरी फाटकातून आत शिरलात की पहिला कानावर पडतो तो ग्राइंडरचा आवाज.

(वर्कशॉप, जवळून)

हा पोरगा काय करतोय नीट बघा. हातात वेल्डिंगचा रॉड आहे आणि तो हातोडीने त्याच्यावरचा राखाडी थर ठोकून काढतोय. कालपासून त्याचं एकच चाललं होतं, सर हा थर कशाला असतो, आणि सरांनी उत्तर न देता म्हटलं, काढून बघ ना. आता तो उघडा रॉड लावतोय. आर्क, म्हणजे रॉड आणि पत्र्यामधली विजेची सलग ज्योत, धरत नाही, ठिणग्या नुसत्या सगळीकडे उडतायत, रॉड पत्र्याला चिकटतोय, सोडवून परत लावतोय. शेवटी कसाबसा जोड झाला. तो जोड बघा. सगळा सच्छिद्र, पावासारखा फुगलेला, आणि एका घावात मोकळा.

मग दुसरा रॉड, थर असलेला. जोड गार झाल्यावर वरची काळी खपली टचटच करून उडवली की खाली चकचकीत सलग धातू. आता सर बोलतात. तो थर जळतो त्याचा वायू होतो, वर मळी, म्हणजे ती काळी खपली, साचते, आणि वितळलेल्या लोखंडाला हवेतला ऑक्सिजन-नायट्रोजन भेटू देत नाही. म्हणजे रसायनशास्त्र. शाळेत ऑक्सिडेशन या धड्याला ह्याच पोराला काही म्हणजे काही कळलं नव्हतं, दहावीला विज्ञानात नापास झाला, आणि इथे तोच धडा त्याने स्वतः ओढून आणलाय.

आम्हाला हीच गोष्ट तुम्हाला दाखवायची होती. कुतूहल नसलेलं पोर आम्हाला इथे दिसलं नाही, वर्गात हात वर करायला लाजणारी मात्र भरपूर दिसली. हातात काम आलं की प्रश्न आपोआप तोंडातून बाहेर पडायला लागतात.

(जुने फोटो, कृष्णधवल)

हे सगळं उभं केलं डॉक्टर श्रीनाथ कलबाग यांनी. माणूस अन्नतंत्रज्ञानातला, अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाची पीएचडी, मैसूरला सीएफटीआरआय या अन्नतंत्रज्ञानाच्या संशोधन संस्थेत काम, मग मुंबईत हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागात मोठ्या हुद्द्यावर. पन्नाशी ओलांडल्यावर नोकरी सोडली आणि 1983 मध्ये पत्नी मीराताईंसह पाबळला येऊन राहिले. आणि गाव कसं निवडलं, तर फार चांगलं नको, फार वाईट पण नको. पाऊस कमी, जमीन मुरमाड, लोक साधे शेतकरी, म्हणजे देशातल्या हजारो गावांसारखं एक गाव, कारण इथे जमलं तर कुठेही जमेल असा त्यांचा हिशोब होता. बरं हा विचार आपल्याकडे नवा पण नाही, 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली तेव्हापासून हातातून शिक्षण ही गोष्ट आपण ऐकत आलोय. कलबाग सरांनी त्यात वेल्डिंग मशीन आणलं, मल्टिमीटर आणला, रक्त तपासायचं किट आणलं, आणि शाळेने नापास म्हणून बाहेर काढलेल्या पोरांच्या हातात ते सगळं दिलं. एका वर्षाचा कोर्स, इथेच राहायचं. अभियांत्रिकी, ऊर्जा, गृह-आरोग्य, शेती-पशुपालन, चारही विभागात प्रत्येकाने काम करायचं. मला फक्त वायरिंग शिकायचंय असं चालत नाही, कोंबड्यांना खाद्य पण तूच घालायचं आणि किती खाद्याला किती वजन वाढलं ते वहीत पण तूच लिहायचं.

कलबाग सर 2003 मध्ये वारले. कोर्स आजही चालू आहे.

(घुमट, आतून वर)

आता ते घुमट. आत एकही खांब नाही. ह्या दोन पोरी पट्ट्यांचा चौकोन बोल्टने जोडतायत, कोपरा ढकलला की तो कलंडतो बघा. एक पट्टी काढली, त्रिकोण केला, आता ढकला किती ढकलायचं ते. आठवीच्या भूमितीत त्रिकोणाची एकरूपता पाठ करून घेतात, तीन बाजू ठरल्या की त्रिकोण ठरला, पण त्याचा घराशी काय संबंध ते कोणी सांगितलेलं नसतं. हा सगळा घुमट म्हणजे लोखंडी अँगलचे त्रिकोण एकमेकांना जोडलेले, वरून जाळी, जाळीवर सिमेंटचं प्लास्टर. स्लॅबला लागतं तसं सेंटरिंग, म्हणजे खालून फळ्यांचा आधार, लागत नाही. आणि इथले घुमट उभारण्यात इथल्याच पोरांचे हात लागलेत.

(शेत, दुपार)

आमच्या शूटिंगमधला मला सगळ्यात आवडलेला भाग हा. शेतकऱ्याला बोअर घ्यायचीय. पाबळच्या भागात आधी पाणाड्या बोलवायचा, तळहातावर नारळ ठेवून तो शेतभर फिरणार आणि जिथे नारळ उभा राहील तिथे बोअर, ही जुनी रीत. आज पाणाड्याच्या जागी ही चार पोरं आलीत, चार सळया, वायरचे रीळ आणि एक मीटर घेऊन. सळया एका ओळीत ठोकल्या. बाहेरच्या दोनमधून जमिनीत करंट सोडायचा, आतल्या दोनवर व्होल्टेज मोजायचं. सळयांमधलं अंतर वाढवत नेलं की करंट खोल जातो, म्हणजे रीडिंग खोलवरचं मिळतं. कोरडा अखंड काळा कातळ असेल तर रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, जास्त, कातळ फुटका-कुजका असून त्यात पाणी मुरलेलं असेल तर रोध कमी. असं हा रोध मोजणारं स्वस्तातलं रेझिस्टिव्हिटी मीटर आश्रमातच विकसित झालं आणि पोरांना ते वापरायचं शिकवलं गेलं.

आणि आता हा झाडाखाली बसलेला. मांडीवर लॉग पेपर, म्हणजे एक, दहा, शंभर असे आकडे सारख्या अंतरावर असलेला ग्राफचा कागद, एकेक रीडिंगचा ठिपका देतोय. दुसऱ्याने विचारलं, अरे पण साधा ग्राफ पेपर का नाही घेतला, तर हा त्याला समजावतोय की दीड मीटरचं रीडिंग आणि शंभर मीटरचं रीडिंग एकाच कागदावर दिसलं पाहिजे, साध्या कागदावर सुरुवातीचे सगळे ठिपके एकाच कोपऱ्यात गोळा होतात. हे तो पाठ केलेलं बोलत नाहीये, आधी साध्या कागदावर काढून बघितलंय त्याने. गणितात गटांगळ्या खाल्लेल्या पोराकडून लॉगरिदम ऐकताना कॅमेरावाला पण थांबला होता. आता पाणी लागेलच याची खात्री हे मीटर पण देत नाही, पोरं शेतकऱ्याला तसं आधीच सांगतात, पण नारळापेक्षा कशावर पैसे लावायचे ते शेतकऱ्याला कळतं.

(आरोग्य विभाग)

काचपट्टीवर रक्ताचे दोन थेंब, एकावर ए ग्रुप ओळखणारं निळं द्रव, एकावर बी ग्रुप ओळखणारं पिवळं. निळ्यात गुठळी झाली, पिवळ्यात नाही, म्हणजे ए ग्रुप. ही मुलगी सगळ्यांचे ग्रुप तपासून झाले तरी उठत नाहीये, तिला जाणून घ्यायचंय की गुठळी होते म्हणजे आत नेमकं काय होतं. इथे यायच्या आधी तिला शिवणक्लास लावायचं घरच्यांचं ठरलं होतं, आता ती लॅब टेक्निशियनच्या कोर्सची चौकशी करतेय.

आश्रमाची ओळख हळूहळू बाहेर गेली. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने देशाबाहेर सुरू केलेल्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू बनवायच्या कार्यशाळांपैकी, एक इथे पाबळला आली, लेझर कटर वगैरे गोष्टी ह्या माळावर आल्या. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी आठवड्यातला एक दिवस हाताने काम, असा विषय आधी पाबळच्या शाळेत आणि मग महाराष्ट्रातल्या आणि बाहेरच्याही कितीतरी शाळांत सुरू झाला.

वर्ष संपल्यावर कोणी फॅब्रिकेशनचं शॉप टाकतं, कोणी सोलर बसवायला लागतं, कोणी पोल्ट्री, कोणी पुढे शिकायला जातं, आणि काही जण दुसऱ्या शाळांमध्ये हाच विषय शिकवायला जातात. वेल्डिंगवाल्या पोराला आम्ही निघताना विचारलं, पुढे काय. तो म्हणाला वेल्डिंग आलं आता, पण मशीनच्या आत ट्रान्सफॉर्मर आहे तो खोलून बघायचाय, म्हणून पुढचे महिने त्याने ऊर्जा विभाग मागून घेतलाय.