मागाच्या खडखडाटात कळतं, मग घरात का कळत नाही?

नमस्कार. मागचा आवाज येतोय ना? मी सोलापूरच्या पूर्व भागात, एका यंत्रमाग कारखान्याच्या दारात उभी आहे. आत टॉवेल विणले जातायत. माझे काका अशाच कारखान्यात होते. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन यायचे, तेव्हा एका गोष्टीचं फार नवल वाटायचं. आत कानाशी येऊन ओरडलं तरी ऐकू येत नाही, पण कुणाचं काम अडत नाही. माग बिघडला की काका हात उंच करायचे, लांबच्या जॉबरची, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याची, नजर पकडायचे आणि मागाकडे बोट दाखवायचे. जॉबर मान हलवायचा. नाही हलवली, तर काका पुन्हा हात करायचे. त्याची मान हलेपर्यंत.

१९४८ साली अमेरिकेतल्या बेल लॅब या टेलिफोन संशोधन संस्थेतल्या क्लॉड शॅनननं याच अडचणीचं गणित मांडलं. एका टोकाचा संदेश दुसऱ्या टोकाला जसाच्या तसा कसा उभा करायचा? पाठवणारा आहे, घेणारा आहे, मध्ये वाहिनी आहे आणि त्या वाहिनीत घुसणारा गोंगाट आहे. गोंगाटावर उपाय म्हणजे पुनरुक्ती. आपल्या भाषेत ती मुळातच विणलेली आहे. ‘तू कधी आलास?’ यातला ‘तू’ ऐकू आला नाही, तरी ‘आलास’मध्ये तो शिल्लक राहतोच. आणि जॉबरची ती मान? तो प्रतिसाद. त्याच वर्षी नॉर्बर्ट वीनर या गणितज्ञानं यंत्र असो की प्राणी, दोघांच्याही नियंत्रणात प्रतिसादाला मध्यवर्ती जागा दिली.

पण शॅनननं सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं, की संदेशाचा अर्थ काय, हा त्याच्या अभियांत्रिकीचा प्रश्न नाही. आपला मात्र तोच प्रश्न आहे.

विल्बर श्रॅम या अभ्यासकानं १९५४ मध्ये म्हटलं, की दोघांच्या अनुभवाची वर्तुळं जिथे एकमेकांवर येतात, तिथेच अर्थ पोचतो. मला याचं सगळ्यात सुंदर उदाहरण आमच्या गल्लीत सापडतं. मराठी माणूस घरातून निघताना म्हणतो, ‘येतो’. शेजारचे कन्नड काका निघताना म्हणतात, ‘बर्तीनी’. समोरच्या तेलुगू मावशी म्हणतात, ‘वस्तानु’. तिन्हींचा शब्दशः अर्थ ‘येते, येतो’ असाच, आणि तिघंही निघालेले असतात! इथे वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. बाहेरून आलेला मात्र विचारेल, ‘कधी येताय?’

जाता जाता एक गैरसमज दूर करते. ‘संवादात शब्द फक्त ७ टक्के, बाकी सगळं आवाज आणि चेहरा’ हे वाक्य प्रशिक्षण शिबिरांत सर्रास ऐकवलं जातं. हा आकडा ज्यांच्या नावावर सांगतात, त्या मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांचे १९६७ मधले प्रयोग एवढ्यापुरतेच होते: भावना सांगताना शब्द, सूर आणि चेहरा एकमेकांशी जुळत नसतील, तर माणूस कशावर विश्वास ठेवतो. सगळ्या बोलण्याला तो आकडा लावणं चूक आहे. तसं असतं, तर तेलुगू मावशींचा चेहरा बघूनच मला त्यांचं सगळं बोलणं कळलं असतं.

आता ज्या गोष्टीसाठी हा व्हिडिओ करावासा वाटला, ती सांगते. मानसशास्त्रज्ञ पॉल वाट्झलाविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मांडलं, की प्रत्येक बोलण्याला दोन पदर असतात. एक मजकुराचा, दुसरा नात्याचा. आणि काहीच न कळवता राहणं माणसाला जमतच नाही. गप्प बसलात, तरी समोरचा त्यातून काहीतरी वाचतोच.

या जानेवारीत मी पुण्याहून आईला फोन केला. म्हटलं, यंदा गड्ड्याला, आपल्या सिद्धेश्वराच्या यात्रेला, यायला जमत नाही. आई म्हणाली, ‘असू दे.’ मी मजकूर ऐकला आणि फोन ठेवला. यात्रेतली नंदीध्वजांची मिरवणूक निघाली तेव्हा आई दाराशी येऊन उभी राहिली आणि लगेच आत गेली, हे मला बाबांकडून कळलं.

आमच्या फोनवर खरखर नव्हती, मागाचा आवाज नव्हता. म्हणूनच मी धरून चालले, की कळलं. कारखान्यात काका असं कधीच धरून चालायचे नाहीत.

त्या रात्री पुन्हा फोन लावला. विचारलं, ‘आई, तू असू दे म्हणालीस, म्हणजे तुला वाईट वाटलं का?’

ती जरा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, ‘जेवलीस का?’