सही, पत्ता, तारीख

(मॅडिसन, विधानभवन. घुमटाखाली ढोल, घोषणा, फलक.)

फेब्रुवारी २०११. अमेरिकेतलं विस्कॉन्सिन राज्य. बॅगपाइप वाजवत आत येताहेत ते अग्निशमन दलाचे जवान. नव्या विधेयकातून त्यांना आणि पोलिसांना वगळलं होतं, तरी ते आले.

गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी ११ फेब्रुवारीला विधेयक आणलं. कारण दिलं तुटीचं. सरकारी नोकरांनी पेन्शनसाठी पगाराच्या साधारण ५.८ टक्के भरायचे, आरोग्य विम्याच्या हप्त्यातले किमान १२.६ टक्के भरायचे. कागदावरचा पगार तोच, हातात पडणारा कमी. खरी मेख पुढे होती: युनियनने बोलायचं ते फक्त मूळ पगारावर, आणि वाढ मागायची ती महागाईच्या दराइतकीच.

१५ तारखेला अर्थ समितीपुढे जनसुनावणी झाली. माणशी दोन मिनिटं. रांग सरेना, रात्र झाली, लोक तिथेच पथाऱ्या टाकून झोपले.

१७ तारखेला १४ विरोधी सिनेटर शेजारच्या इलिनॉय राज्यात निघून गेले. हिशेब साधा होता. सिनेट ३३ जणांचं, पैशाच्या विधेयकाला २० जण हजर लागतात आणि सत्ताधारी १९. एका माणसापायी काम अडलं. ९ मार्चला सत्ताधाऱ्यांनी थेट खर्चाची कलमं काढून टाकली, कोरमची, म्हणजे किमान हजेरीची, अट सैल झाली आणि सिनेटमध्ये विधेयक मंजूर झालं.

(टेबल, क्लिपबोर्ड, हातमोजे घातलेले स्वयंसेवक.)

उरला गव्हर्नरला परत बोलावण्याचा मार्ग: पुरेशा सह्या जमल्या तर मुदत संपण्याआधीच त्या पदासाठी पुन्हा निवडणूक. पद घेऊन वर्ष झाल्याशिवाय असा अर्ज दाखल करता येत नाही, म्हणून मोहीम सुरू झाली ती १५ नोव्हेंबरला, ऐन थंडीत. मुदत ६० दिवस. साठावा दिवस शनिवार, पुढे रविवार, सोमवारी मार्टिन ल्यूथर किंग यांची सुट्टी. त्यामुळे शेवटची तारीख १७ जानेवारी. आदल्या निवडणुकीत गव्हर्नरपदासाठी पडलेल्या मतांच्या २५ टक्के सह्या हव्यात, म्हणजे ५,४०,२०८.

हा कागद जवळून बघा. प्रत्येक ओळीत सही, घराचा पत्ता, गाव किंवा शहर आणि तारीख. तारीख राहिली की सही बाद. नवऱ्याने बायकोची सही ठोकली की तीही बाद. गावाच्या रकान्यात हमखास घोळ होतो: टपाल एका शहराच्या नावाने येतं, राहायचं मात्र शेजारच्या टाउनमध्ये, म्हणजे वेगळ्या स्थानिक संस्थेच्या हद्दीत. मतदार यादीत नाव नसलं तरी चालतं, मतदानाला पात्र असलं म्हणजे झालं. पानाच्या तळाशी सह्या गोळा करणाऱ्याचं प्रमाणपत्र असतं, तेही तारखेसह. ते त्याने शेवटची सही झाल्यावरच भरायचं. आधी भरून ठेवलं, तर त्यानंतरच्या सह्या धोक्यात. एवढं सगळं सांभाळायचं, तेही गोठलेल्या पेनाने आणि घाईत असलेल्या माणसाकडून.

(ट्रकमधून उतरणारे खोके.)

निवडणूक मंडळाने तपासणीनंतर वैध धरल्या ९,००,९३८ सह्या. पानं इंटरनेटवर खुली झाली. कोणी सही केली, ते शेजाऱ्यापासून साहेबापर्यंत कोणालाही शोधता येऊ लागलं.

५ जून २०१२ रोजी मतदान झालं. सुमारे ५३ टक्के मतं घेऊन वॉकर टिकले, कपातही राहिली.