राउटरची भीती आणि कानाशी फोन

श्रोतेहो, नमस्कार. आज घरातल्या उपकरणांच्या लहरी आणि विजेची क्षेत्रं यांबद्दल: कशाला घाबरायचं नाही आणि कुठे जपायचं.

एफएम रेडिओच्या लहरी साधारण १०० मेगाहर्ट्झच्या असतात, म्हणजे तीन मीटर लांबीच्या. उभ्या माणसाचं शरीर याच पट्ट्याच्या आसपासच्या लहरी सर्वांत जास्त शोषून घेतं. म्हणून रेडिओ लहरींच्या आंतरराष्ट्रीय मर्यादाही इथेच सर्वांत कडक आहेत. ३० ते ४०० मेगाहर्ट्झला दर चौरस मीटरला २ वॅट, मोबाइलच्या ९०० मेगाहर्ट्झला साडेचार वॅट आणि वायफायच्या पट्ट्यात १० वॅट. तरी रेडिओला कुणी घाबरत नाही. रात्री वायफायच्या डब्यावर टॉवेल टाकणारी माणसं मात्र आहेत. (टॉवेलाने लहरी अडत नाहीत, राउटर तेवढा तापतो.) काळजी चुकीच्या वस्तूची आणि निष्काळजीपणा भलत्याच ठिकाणी, हे या विषयात नेहमीचं आहे.

क्ष-किरण पेशीतल्या रेणूंचे बंध तोडू शकतात, कारण त्यांच्या एकेका कणात तेवढी ऊर्जा असते. मोबाइल, वायफाय, मायक्रोवेव्ह यांच्या लहरींच्या कणातली ऊर्जा दिव्याच्या साध्या उजेडातल्या कणापेक्षाही लाखाहून अधिक पटींनी कमी असते. त्यामुळे बंध तुटण्याचा प्रश्न येत नाही. उरतात दोन सिद्ध परिणाम: रेडिओ लहरींनी ऊती तापणं, आणि विजेच्या ५० हर्ट्झसारख्या कमी वारंवारतेवर, क्षेत्र खूप तीव्र असेल तर, नसा उत्तेजित होणं. मर्यादा ठरतात त्या यांवरूनच. शरीराने किलोमागे सरासरी ४ वॅट शोषले तर तापमान जाणवण्याइतकं वाढू शकतं, म्हणून सर्वसामान्य लोकांसाठी त्याचा पन्नासावा भाग, म्हणजे ०.०८ वॅट, ही मर्यादा धरलेली आहे.

आता घरातली विजेची उपकरणं. त्यांचं चुंबकीय क्षेत्र मायक्रोटेस्लामध्ये मोजतात. ५० हर्ट्झसाठी सर्वसामान्यांची मर्यादा १९९८ मध्ये १०० मायक्रोटेस्ला होती, २०१० मध्ये ती २०० झाली. केस वाळवायच्या ड्रायरजवळ ३ सेंटिमीटरवर मॉडेलप्रमाणे ६ पासून २००० मायक्रोटेस्लापर्यंत आकडे मिळालेले आहेत. तोच ड्रायर ३० सेंटिमीटरवर धरला तर जास्तीत जास्त ७. व्हॅक्यूम क्लीनर: ३ सेंटिमीटरवर २०० ते ८००, एका मीटरवर ०.१३ ते २. फ्रिजच्या अंगाला लागूनसुद्धा जेमतेम दीड-पावणेदोन. आकाराने मोठं यंत्र म्हणजे मोठं क्षेत्र, असं नसतं. छोटी मोटर किंवा गुंडाळी अंगाच्या किती जवळ आहे, यावर सगळं अवलंबून असतं.

मग ड्रायरने मर्यादा मोडली का? नाही. २०० हा आकडा संपूर्ण शरीर सारख्या क्षेत्रात असेल तेव्हासाठी आहे. डोक्याच्या एका कोपऱ्यापुरतं तीव्र क्षेत्र असेल, तर शरीराच्या आत प्रत्यक्ष किती विद्युत क्षेत्र निर्माण झालं ते तपासावं लागतं, आणि ते बरंच कमी निघतं.

मोटर किंवा ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतं: अंतर दुप्पट केलं की ते आठव्या भागावर येतं. म्हणून उशाशी अडॅप्टर किंवा घड्याळी रेडिओ असेल, तर तो हातभर लांब सरकवणं पुरतं. पैसे खर्च करायची गरज नाही.

घरात खरोखर जास्त क्षेत्र सापडतं ते बहुधा उपकरणांमुळे नव्हे, वायरिंगच्या चुकीमुळे. फेज आणि न्यूट्रल या दोन तारा शेजारी असतात, त्यांतला प्रवाह उलट दिशांनी वाहतो आणि दोघींची क्षेत्रं एकमेकींना जवळजवळ पुसून टाकतात. पण जिन्याच्या टू-वे स्विचला कुणी एका सर्किटची फेज आणि दुसऱ्या सर्किटचं न्यूट्रल जोडलं, की दोन तारा खोलीच्या दोन बाजूंनी जातात आणि सगळी खोलीच एक गुंडाळी होते. एकट्या तारेचं क्षेत्र काढायचा हिशोब सोपा आहे: अँपिअरला ०.२ ने गुणा आणि मीटरमधल्या अंतराने भागा. ५ अँपिअर प्रवाह, एक मीटर अंतर, म्हणजे १ मायक्रोटेस्ला, आणि तोही खोलीभर पसरलेला. न्यूट्रल आणि अर्थ मध्येच कुठे जोडले गेले असतील तरी असंच होतं. परतीचा प्रवाह पाण्याच्या पाइपांतून वाहू लागतो.

याची तपासणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. बोर्डातून निघणाऱ्या सर्किटची फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र क्लॅम्प मीटरच्या, म्हणजे तारेभोवती लावून प्रवाह मोजणाऱ्या मीटरच्या, जबड्यात घ्यायच्या. वायरिंग नीट असेल तर भार चालू असतानाही आकडा शून्याच्या आसपास राहतो. अर्धा-एक अँपिअर दिसला, तर तेवढा प्रवाह दुसऱ्या वाटेने परततो आहे. अशा घरात आरसीसीबी, म्हणजे प्रवाह दुसरीकडे गळला की वीज तोडणारा स्विच, बसवला की तो सारखा पडतो, आणि लोक त्यालाच दोष देऊन काढून टाकतात. तो बिचारा बरोबर सांगत असतो. दुरुस्ती वायरिंगची करायची, आणि ती क्षेत्रापेक्षाही शॉकच्या आणि आगीच्या भीतीने करायची.

विजेच्या क्षेत्राबद्दलची सर्वांत गंभीर शंका मुलांमधल्या रक्ताच्या कर्करोगाची आहे. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराच्या पाहणीतून नॅन्सी वर्थाइमर आणि एड लीपर यांनी ती पहिल्यांदा मांडली. २००० साली अनेक देशांतल्या अभ्यासांची माहिती एकत्र केल्यावर, घरात सरासरी ०.४ मायक्रोटेस्लाहून जास्त क्षेत्र असलेल्या मुलांमध्ये प्रमाण साधारण दुप्पट दिसलं. त्या गटात मुलं फारच थोडी होती, प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दुजोरा मिळाला नाही आणि कारणाची साखळीही सापडलेली नाही. म्हणून २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला ‘२ब’ वर्गात घातलं. या वर्गाचा अर्थ, शक्यता नाकारता येत नाही, पण पुरावा तोकडा आहे. रेडिओ लहरींना हाच वर्ग २०११ मध्ये मिळाला. जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला मोठा आढावा मोबाइल आणि मेंदूच्या कर्करोगाचा संबंध दिसत नाही असं सांगतो. माझं मत विचाराल, तर पाळणा मुख्य वीजबोर्डाच्या भिंतीला टेकवून ठेवू नये. यात काही तोटा नाही. त्यापलीकडे झोप उडवून घ्यायचं कारण मला दिसत नाही.

आता फोन. घरातल्या सर्व साधनांत शरीराला रेडिओ लहरींचा मोठा वाटा मिळतो तो कानाशी धरलेल्या फोनकडून. फोर-जी फोनची कमाल ताकद सुमारे ०.२ वॅट असते, पण तो कायम तेवढी वापरत नाही. टॉवर जवळ असेल तर शेकडो पटींनी कमी करतो, आणि सिग्नल क्षीण असेल तर पूर्ण जोर लावतो. म्हणून ‘टॉवर हटवा’ म्हणणाऱ्या वस्तीत टॉवर दूर गेला, की प्रत्येकाच्या कानाशी असलेला फोन जास्त जोराने बोलू लागतो. अँटेनाचा मुख्य झोत जवळजवळ आडवा जातो, त्यामुळे टॉवरच्या अगदी पायथ्याशी क्षेत्र उलट कमीच असतं. गच्चीवरच्या अँटेनाच्या थेट समोर, काही मीटरच्या आत उभं राहणं मात्र टाळायचं. तिथे कुंपण असतं ते यासाठीच.

लिफ्ट, तळघर, धावती गाडी, एकच दांडी दाखवणारी खोली: इथे लांब कॉल करू नका, किंवा स्पीकरवर वा वायरच्या इअरफोनवर बोला. ब्लूटूथ इअरफोन सहसा काही मिलिवॅटवर चालतो, तोही फोनपेक्षा बरा. नंबर लावल्यावर फोन जोडला जाईपर्यंत तो कानापासून दूर ठेवा.

फोनचा एसएआर, म्हणजे शरीर किलोमागे किती वॅट शोषतं त्याचा आकडा, बहुतेक मॉडेलवर *#०७# दाबून दिसतो. मर्यादा अमेरिका आणि भारतात १ ग्रॅम ऊतीवर किलोमागे १.६ वॅट आहे, युरोपात १० ग्रॅमवर २ वॅट. दोन्ही आकडे थेट तुलनेचे नाहीत. शिवाय एसएआर पूर्ण ताकदीला मोजतात, त्यामुळे कमी एसएआरचा फोन रोजच्या वापरात कमी लहरी देईलच असं नाही. अंतराचं महत्त्व २०२३ मध्ये फ्रान्समध्ये दिसलं. तिथल्या नियामकाने आयफोन १२ त्वचेला टेकवून मोजला तेव्हा हातापायांसाठीच्या ४ वॅटच्या मर्यादेऐवजी ५.७४ वॅट निघाले. विक्री थांबवली गेली, आणि कंपनीने सॉफ्टवेअर बदलून प्रश्न मिटवला.

लहरी शोषणारे स्टिकर आणि ‘चिप’ विकत घेऊ नका. ते काही अडवत नसतील तर पैसे वाया. अँटेनाला अडथळा करत असतील तर फोन जोर वाढवतो आणि बॅटरीही लवकर उतरते.

आता ज्यांनी खरोखर सावध राहावं, ते म्हणजे पेसमेकर किंवा हृदयाला झटका देणारं यंत्र बसवलेले श्रोते. फोन शर्टाच्या वरच्या खिशात ठेवू नका, यंत्रापासून १५ सेंटिमीटर लांब ठेवा आणि दुसऱ्या बाजूच्या कानाला लावा. धोका लहरींपेक्षा चुंबकाचा जास्त आहे. चुंबकाने चिकटणारे चार्जर, कव्हर, इअरफोनच्या डब्या यांमुळे पेसमेकर ठरावीक गतीवर जाऊ शकतो, आणि झटका देणारं यंत्र तेवढा वेळ झटका देणंच थांबवू शकतं. इंडक्शन शेगडीपासून सहसा ६० सेंटिमीटर अंतर ठेवायला सांगतात. नक्की किती, ते आपल्या डॉक्टरांना विचारा. इतरांनीही शेगडीवर भांडं वर्तुळाच्या मापाचं आणि बरोबर मधोमध ठेवावं. भांडं लहान किंवा सरकलेलं असलं, की क्षेत्र कडेने बाहेर सांडतं.

मायक्रोवेव्हची गळती दारापासून ५ सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅटच्या आत असावी लागते, आणि अर्ध्या मीटरवर ती साधारण शंभरावा भाग उरते. दाराची कड वाकली असेल, बिजागरी सैल असेल, जाळीवर जळाल्याचा डाग असेल, तर ओव्हन वापरू नका. आत फोन ठेवून वाजतो का पाहायचं, ही परीक्षा निरुपयोगी आहे. फोन अत्यंत क्षीण सिग्नलवरही वाजतो, त्यामुळे धडधाकट ओव्हनसुद्धा नापास होतो. आणि पाठ उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा व्होल्टेज उरू शकतो.

‘क्षेत्र मोजणारं’ फोनमधलं ॲप होकायंत्राचा सेन्सर वापरतं. त्यात दिसणारे ४०-५० मायक्रोटेस्ला पृथ्वीचे असतात, तुमच्या बोर्डाचे नव्हेत. दोन पिनांच्या चार्जरवर लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर हात फिरवताना मुंग्या येतात, त्याही लहरींमुळे नव्हेत. चार्जरमधल्या कपॅसिटरमधून निसटणारा तो अगदी बारीक प्रवाह असतो, आणि अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या चार्जरने तो थांबतो. फ्रिज किंवा वॉशिंग मशीनला हात लावून मुंग्या आल्या, तर मात्र बोर्डावरून वीज बंद करा आणि अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय सुरू करू नका.

शेवटी, वायफाय लागल्यापासून डोकं दुखतं, झोप येत नाही, असं सांगणाऱ्यांबद्दल. त्यांचा त्रास खरा असतो. पण कुणाला न कळू देता लहरी चालू-बंद केलेल्या अनेक प्रयोगांत, लहरी नक्की कधी चालू होत्या हे अशा व्यक्तींना ओळखता आलेलं नाही, आणि लहरी बंद असतानाही त्रास झालेला दिसला. म्हणून आधी डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब, थायरॉइड, रक्तातलं हिमोग्लोबिन, डोळ्यांचा नंबर बघून घ्या. लुकलुकणारे दिवे आणि बंद खोलीतली कोंदट हवाही तपासा. तरीही शंका उरली, तर घरीच चाचणी करता येते. राउटरचे दिवे काळ्या चिकटपट्टीने झाका आणि सगळे फोन विमान मोडवर ठेवा. घरातल्या दुसऱ्या कुणी रोज रात्री नाणं उडवून राउटर चालू ठेवायचा की बंद ते ठरवावं, स्वतःच्या वहीत लिहावं आणि तुम्ही उठायच्या आत तो पुन्हा सुरू करावा. तुम्ही सकाळी तुमच्या वहीत झोप कशी लागली ते शून्य ते दहा गुणांत लिहा. निदान वीस रात्री होऊ द्या, आणि तोवर एकमेकांच्या वह्या पाहू नका.