तीन तासांचे बारा सेकंद

श्रोतेहो, नमस्कार.

टीव्हीवरच्या माहितीपटात कळी मान वर करते, पाकळ्या मागे सरतात आणि बघता बघता फूल उमलतं. हे दृश्य कसं तयार होतं, ते आज पाहू. उदाहरण ओळखीचंच घेऊ: पावसाळ्यात रात्री आपल्या गॅलरीत फुलणारं ब्रह्मकमळ. हिमालयातलं ब्रह्मकमळ निराळं. आपलं हे मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं, निवडुंगाच्या कुळातलं.

आपल्याकडे टीव्हीवर सेकंदाला २५ चित्रं दाखवतात. फूल उमलायला तीन तास धरा, म्हणजे १०,८०० सेकंद. ते १२ सेकंदांत बसवायचं, तर चित्रं लागतील ३००. म्हणून दर ३६ सेकंदांनी एक फोटो, आणि पडद्यावर वेग ९०० पट. हाच टाइम-लॅप्स. लंडनचे चित्रपटकार पर्सी स्मिथ यांनी १९१० सालीच पडद्यावर फुलं अशी उमलवून दाखवली होती.

हिशेब सोपा, पण काम नाजूक. कॅमेरा ऑटोवर राहिला की फसलंच. पाकळ्या उघडतात तसा चौकटीतला पांढरा भाग वाढतो, कॅमेऱ्याला वाटतं उजेडच वाढला, आणि तो फोटो काळवंडत नेतो. म्हणून एक्सपोजर म्हणजे आत घ्यायचा उजेड, फोकस, आणि व्हाइट बॅलन्स म्हणजे रंगांचा तोल, तिन्ही हाताने पक्के करायचे. पंखा बंद, खिडकी बंद. साधी झुळूकसुद्धा ९०० पट वेगात अंगात आल्यासारखी थरथरते. फांदी काठीला दोऱ्याने बांधायची, कळीचा देठ मात्र मोकळा सोडायचा, कारण लोंबणारी कळी उमलण्याआधी वर वळते. तिच्यासाठी चौकटीत वर भरपूर जागा ठेवायची; नाहीतर ऐन वेळी फूल चौकटीबाहेर जातं. दिवा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच. मधेच कुणी शेजारच्या खोलीतली ट्यूब लावली, तर तेवढे फोटो उजळतात आणि पडद्यावर वीज चमकल्यासारखं होतं. कॅमेऱ्याला बॅटरीऐवजी थेट विजेची जोडणी द्यावी. पुन्हा संधी नाही: सकाळपर्यंत फूल मान टाकतं.

वेगवान गोष्टींना उलटा उपाय. मधमाशीचे पंख सेकंदाला दोनशेहून अधिक वेळा हलतात. सेकंदाला १,००० चित्रं टिपून २५ च्या गतीने दाखवली, की एका सेकंदाचे ४० सेकंद होतात. मात्र प्रत्येक चित्राच्या वाट्याला उजेड फार थोडा येतो, म्हणून दिवे जबरदस्त लागतात.

१९९५ साली बीबीसीवर निसर्गपटांचे निवेदक डेव्हिड अॅटनबरो यांची वनस्पतींवरची सहा भागांची मालिका आली, तिने टाइम-लॅप्सचा भरपूर वापर केला. वेल आधार चाचपडताना दिसली, आणि वनस्पती हलतात हे वेगळं समजावण्याची गरजच उरली नाही. तरी माझा एक आग्रह आहे. निवेदकाने वेग सांगितलाच पाहिजे. ‘हे ९०० पट वेगाने दिसतंय’ एवढं एक वाक्य पुरे. ते गाळलं, तर बघणाऱ्याला चमत्कार दिसतो, झाडाचा खरा वेळ कळत नाही.

आणि आवाजाचं. दर ३६ सेकंदांनी काढलेल्या फोटोंना आवाज कुठला? पाकळ्या सरकतानाची ती हलकी करकर नंतर स्टुडिओत घातलेली असते. आज रात्री कुणाच्या गॅलरीत कळी वर वळली असेल, तर दिवा मंद करून जवळ बसा. कानाला काही लागणार नाही. नऊ-दहाच्या सुमाराला वास येऊ लागेल.