गाठीची भूक

श्रोतेहो, नमस्कार.

कर्करोगाच्या रुग्णाला भेटायला आलेला पाहुणा हल्ली एक सल्ला हमखास देतो: साखर बंद करा, गाठ उपाशी मरेल. या समजाच्या मुळाशी एक खरे निरीक्षण आहे. जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकात दाखवून दिले, की गाठीतील पेशी प्राणवायू उपलब्ध असतानाही बरेचसे ग्लुकोज पूर्ण न जाळता त्याचे लॅक्टिक आम्ल करतात. मोठ्या आतड्यात हा बदल विशेष उठून दिसतो, कारण तेथील निरोगी अस्तराचे मुख्य इंधन ग्लुकोज नसून, अन्नातील तंतुमय भागापासून जिवाणू तयार करतात ते ब्युटिरेट असते. परंतु ताटातली साखर थांबली तरी यकृत रक्तातील ग्लुकोज राखतेच. उपासमार होते ती रुग्णाची, आणि वजन घटले की केमोथेरपी सोसणे अवघड जाते.

रोग इतरत्र पसरल्यावर रक्तातील एलडीएच हे, याच लॅक्टिक आम्लाच्या घडणीत भाग घेणारे विकर (एन्झाइम) वाढलेले आढळले, तर पुढील वाटचाल सहसा बिकट असते. अर्थात यकृताच्या अन्य विकारांतही ते वाढते, म्हणून अहवालातील या एका आकड्याने कोणी हबकून जाऊ नये.

गाठीची भूक उपचारासाठी वापरण्याची कल्पना मात्र नवी नाही. उंदरांच्या यकृतातील गाठी युरॅसिल हा आरएनएचा घटक निरोगी ऊतींपेक्षा अधिक ओढून घेतात, हे कळल्यावर अमेरिकेत चार्ल्स हायडेलबर्गर यांनी युरॅसिललाच फ्लोरिनचा एक अणू जोडला आणि १९५७ मध्ये फाइव्ह-फ्लुरोयुरॅसिल पुढे आणले. पेशी ते आपले अन्न समजून घेते आणि डीएनएची जुळणी अडते. आतड्याच्या कर्करोगाची केमोथेरपी आजही बहुतांशी याच औषधाभोवती रचलेली असते. प्रत्येक युक्ती अशी फळत नाही: ‘क’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने प्रयोगशाळेत आशा दाखवली, पण चीनमधील मोठ्या चाचणीत, ज्यांचा रोग पसरला होता अशा सर्व रुग्णांचा एकत्रित विचार करता, केमोथेरपीला तिची जोड देऊन लाभ दिसला नाही.

आणि चयापचय केवळ गाठीचे नसते. फ्लुरोयुरॅसिलचा ८० टक्क्यांहून अधिक भाग शरीरातील डीपीडी हे विकर निकामी करते. ते जन्मतःच कमी असलेल्या मोजक्या व्यक्तींना नेहमीची मात्राही जीवघेणी ठरू शकते. म्हणून युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये उपचारापूर्वी त्याची तपासणी सुचवली. पहिल्या सलाइनआधी आपल्या डॉक्टरांना या तपासणीबद्दल अवश्य विचारावे.