गुगलवर सगळ्यात वर आलेला नंबर लावायलाव? आधी हे बघा

राम राम मंडळी. मागच्या व्हिडिओखाली निम्म्या कमेंट एकाच विषयावर आहेत, दादा गुगलचं नवीन काय काय आलंय ते एकदा नीट सांगा, ते सर्च केल्यावर वर आपोआप उत्तर येतंय ते काय, लेन्स कसं वापरायचं. औसा, वसमत, माजलगाव, कुठून कुठून विचारायलेत लोक. तर आज सांगतोच. पण एका जागी मी अडणार आहे आणि तिथं भरपूर वेळ घेणार आहे, तेवढं शेवटपर्यंत बघा, घरातल्या मोठ्या माणसांनाही दाखवा.

गुगल काय आहे हे कुणाला नव्यानं सांगायची गरज नाही. 1998 ला लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन पोरांनी नुसतं सर्चसाठी कंपनी काढली, मग 2004 ला जीमेल, 2005 ला मॅप्स, 2006 ला यूट्यूब विकत घेतलं, 2017 ला आपल्याकडं तेज नावाचं ॲप आणलं ज्याचं पुढं गुगल पे झालं. बस. पुढं चला.

लेन्स. गुगल ॲपमध्ये सर्चच्या पट्टीत कॅमेऱ्याचं चिन्ह आहे ना, तेच. फवारणीच्या औषधाच्या बाटलीवर इंग्रजी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, त्यावर कॅमेरा धरा, ट्रान्सलेट दाबा, मराठीत येतं. लई कामाची गोष्ट आहे. फक्त लिटरला किती मिली हा आकडा मूळ लेबलवर डोळ्यानं बघून घ्या, भाषांतरावर सोडू नका. आणि हे सोयाबीनच्या पानाचा फोटो काढून रोग विचारायचं चाललंय, त्यावर बोलतोच. लेन्स चित्राला चित्र जुळवतं. पिवळा मोझॅक पांढऱ्या माशीनं पसरणारा रोग आहे आणि चुनखडीच्या रानात लोह कमी पडलं तरी पान पिवळंच पडतं, फोटोत दोन्ही सारखंच दिसू शकतं पण इलाज पूर्ण वेगळा आहे. लेन्सनं अंदाज घ्या, पान मात्र कृषी सहायकाला दाखवा, परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या लोकांना विचारा, मगच दुकानात जा.

लातूरला नीटची तयारी करणाऱ्या एका ताईची कमेंट होती, दादा मेल येणंच बंद झालंय. ताई, स्टोरेज फुल असणार. 15 जीबी फुकट मिळतं ते जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिन्ही मिळून आहे, आणि अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्यातच मोजतात. ग्रुपवरच्या गुड मॉर्निंगच्या व्हिडिओंनी ते भरतं आणि परीक्षेचा मेल परत जातो. मोठे व्हिडिओ डिलीट करा, ट्रॅशही रिकामं करा, नाहीतर जागा होत नाही.

आता मुद्द्याचं. आमचे मामा आहेत अंबाजोगाईचे. एक पार्सल अडकलेलं, म्हणून मोबाईलवर कस्टमर केअरचा नंबर शोधला, वर दिसला तो लावला, समोरचा माणूस एकदम गोड बोलला, म्हणला पाच रुपये भरा आणि हे एक ॲप टाकून घ्या, त्या ॲपमधून त्याला मामांची स्क्रीन दिसायला लागली आणि सोयाबीनचे आलेले पैसे खात्यातून गेले. मामा अजून म्हणतात, "गुगलनंच दिला की रे नंबर." हे वाक्य मला गावोगाव ऐकू येतं आणि दरवेळी जीव तुटतो. गुगलनं नंबर दिला नाही ओ, कुणीतरी तिथं टाकलेला नंबर गुगलनं दाखवला. स्टँडवर चौकशी खिडकीच्या बाहेर उभा असलेला माणूस गाडीचा टाइम सांगतो, म्हणून तो एसटीचा माणूस होत नाही, तसंच आहे हे.

वर जे येतं ते बऱ्याचदा जाहिरात असते. "प्रायोजित" किंवा "स्पॉन्सर्ड" असं बारीक लिहिलेलं असतं. पैसे भरून वर आलेला तो. गुगलची बहुतेक कमाईच जाहिरातीची आहे, त्यात लपवायसारखं काही नाही, पण तुम्ही ते बारीक अक्षर वाचायलाच पाहिजे.

मॅप्सवरच्या नंबरचंही तेच. दुकान असो, बँकेची शाखा असो, खाली "सजेस्ट ॲन एडिट" असतं, म्हणजे तुम्ही, मी, कुणीही माहिती बदलायला सुचवू शकतो. त्यामुळं मॅप्सवर दिसला म्हणजे तो बँकेनंच टाकलेला नंबर असं धरून चालू नका.

आणि आता ते नवीन, एआय ओव्हरव्ह्यू, आपल्याकडं ऑगस्ट 2024 मध्ये आलं. वर एक तयार उत्तर दिसतं. ते उत्तर कुणी माणसानं तपासून लिहिलेलं नसतं, नेटवरचं इकडचं तिकडचं वाचून मशीन ते तयार करतं. अमेरिकेत 2024 लाच त्यानं पिझ्झ्यावरचं चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये डिंक घाला असं सांगितलं होतं, का तर कुणीतरी कधीकाळी थट्टेत तसं लिहिलेलं. चीजचं ठीक आहे, पण उद्या त्यात बँकेचा नंबर आला तर? कुणाला ते उत्तर नकोच असेल तर सर्च केल्यावर वरच्या पट्टीत "मोर"मध्ये जा, "वेब" निवडा, नुसत्या वेबसाइट दिसतात.

मग नंबर घ्यायचा कुठून? एटीएम कार्डच्या मागून, पासबुकवरून, गॅसच्या पुस्तकावरून, बिलावरून. तिथं नसेल तर खऱ्या वेबसाइटवरून, आणि खरी कोणती हे पत्ता वाचून कळतं. इथंच सगळे घाई करतात म्हणून हळू सांगतो.

(इथं मोबाईलची स्क्रीन मोठी करून दाखवायची)

पत्त्यात नावानंतर पहिली तिरकी रेघ येते, तिच्या लगेच डावीकडं काय आहे ते वाचा. सरकारी असेल तर तिथं डॉट जीओव्ही डॉट इन, नाहीतर डॉट एनआयसी डॉट इन पाहिजे. पीएमकिसान डॉट जीओव्ही डॉट इन, हे बरोबर. पीएमकिसान डॅश जीओव्ही डॅश इन डॉट एक्सवायझेड, हे खोटं, डॉटच्या जागी डॅश आहे आणि शेवट भलताच आहे. पीएमकिसान डॉट जीओव्ही डॉट इन डॉट अजून काहीतरी डॉट कॉम, हेही खोटं, कारण रेघेच्या अलीकडं डॉट कॉम आलंय. सुरुवात कशीही करता येते, शेवट बघायचा. बँकांना तर रिझर्व्ह बँकेनं 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत डॉट बँक डॉट इन वर यायला सांगितलेलं, त्यामुळं बँकेच्या साइटला तो शेवट आहे का बघा.

एकानं कमेंट केलीये, शिकलेली माणसं असल्या गोष्टीत फसत नाहीत. भाऊ, असं बोलू नका. मास्तर फसलेत, बँकेतून रिटायर झालेले फसलेत. तुम्ही असं हिणवता म्हणून माणूस लाजेनं घरात बसतो, आठ दिवस कुणाला सांगत नाही, आणि तेवढ्यात पैसे चार खात्यांतून फिरून निघून जातात.

पैसे गेले की पहिला फोन 1930 ला, ही ऑनलाइन फसवणुकीसाठीची सरकारी हेल्पलाइन आहे. लगेच. लवकर तक्रार झाली तर पैसे मधल्या खात्यात अडवता येतात. फोन लागला नाही तर परत परत लावा, सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वरही तक्रार टाका, ट्रान्झॅक्शन नंबर आणि स्क्रीनशॉट जवळ ठेवा, आणि कार्ड बंद करायला बँकेला फोन करायचा तो पासबुकवरच्याच नंबरवर.